समुद्राकाठचे रोपवे: आधी माती गेली, मग माणसे

नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे. त्यामुळे डोंगर आणि समुद्र एकाच वेळी दाखवणारा रोपवे म्हटले की मराठवाड्यातल्या बऱ्याच कुटुंबांना तिथला कैलासगिरी आठवतो. ज्यांची ऐपत मोठी, ते सहल कंपनीबरोबर केपटाऊनला जाऊन येतात. डबा सुटला की तरुण मंडळी मोबाइल काढून काचेला चिकटतात आणि घरातली वडीलधारी बाई वर दोराकडे बघत बसते. माझ्या मते तीच योग्य ठिकाणी बघत असते. या वाहनाचा इतिहास दोराचा आहे, देखावा त्यात फार उशिरा आला.

सुरुवात समुद्राकाठीच झाली, पण सहलीसाठी नव्हे. आजच्या पोलंडमधल्या, बाल्टिक समुद्रालगतच्या ग्दान्स्क शहराची तटबंदी भक्कम करायची होती. १६४४ साली आदाम वीबे या डच अभियंत्याने जवळच्या टेकडीवरची माती बुरुजापर्यंत आणण्यासाठी खांबांवरून दोराचा अखंड फेरा फिरवला आणि त्याला बादल्या टांगल्या. भरलेल्या बादल्या एका बाजूने येत, रिकाम्या दुसऱ्या बाजूने परत जात. दोर ओढायला घोडे होते. त्यात माणसे बसवण्यात अर्थ नव्हता, कारण दोर वनस्पतीच्या धाग्यांचा होता. मोटेचा नाडा भिजून, चाकावर घासून कधीतरी दगा द्यायचाच, तशीच त्याचीही गत. मोट विहिरीत पडली तर गळ टाकून काढता येते, एवढाच काय तो फरक.

पुढची दोनशे वर्षे प्रश्न तिथेच अडला. तो सुटला जर्मनीतल्या हार्ट्स डोंगरातल्या खाणींमध्ये. तिथे वनस्पतीच्या धाग्यांचे दोर कुजत आणि लोखंडी साखळीची एक कडी गेली की सगळा भार खाली जाई, तीही आधी काही न सुचवता. १८३४ मध्ये खाणअधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने लोखंडी तारा एकत्र पिळून दोर केला. एक तार तुटली तरी शेजारच्या तारा भार धरतात, आणि तुटलेली तार पाहणीत दिसते. पुढे लाइपझिगच्या आडोल्फ ब्लायखर्टने असे दोर वापरून मालवाहू रोपवेंचा मोठा उद्योग उभा केला. कोळसा आणि खनिज आता डोंगरदऱ्या ओलांडून जाऊ लागले.

माणसे बसायला तयार झाली ती स्पेनमधल्या लिओनार्दो तोरेस केवेदो या अभियंत्यामुळे. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, हे खटकते. त्याने घरच्या परिसरात केलेला पहिला पाळणा गायींची जोडी ओढत असे. १८८७ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिची खुबी अशी: आधारदोर एक नाही, अनेक. प्रत्येक दोराचे एक टोक पक्के बांधलेले, दुसरे कप्पीवरून सोडून त्याला जड वजन लटकवलेले. दोन्ही टोके घट्ट बांधली तर डब्यात माणसे वाढतील तसा दोरावरचा ताण वाढतो. वजन लटकवले की ताण तेवढाच राहतो. एखादा दोर तुटलाच तर डबा थोडा खाली झुकतो, पण उरलेल्या दोरांवर जास्तीचा ताण येत नाही. ‘दोर तुटणारच नाही’ अशी हमी देण्याऐवजी ‘तुटला तर काय’ याचे उत्तर त्याने आधीच तयार ठेवले. १९०७ मध्ये सान सेबास्तियान या किनारी शहरात उलिया डोंगरावर त्याचा रोपवे लोकांसाठी खुला झाला. लांबी अवघी २८० मीटर. त्याचाच नायगाऱ्याजवळचा १९१६ चा रोपवे आजही चालतो.

यानंतर रिओ द जानेरो. १९०८ मध्ये तिथे समुद्राकाठी मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच सुमारास आउगुस्तो फेरेरा रामोस या अभियंत्याच्या मनात समोरच्या ‘शुगरलोफ’ कड्यावर दोर टाकण्याची कल्पना आली. पाण्यातून सरळ वर आलेला हा ३९६ मीटर उंचीचा खडक; त्यावर रस्ता काय आणि रूळ काय, काहीच चढत नव्हते. १९१२ मध्ये पहिला टप्पा उर्का टेकडीपर्यंत आणि जानेवारी १९१३ मध्ये दुसरा टप्पा शिखरापर्यंत सुरू झाला. डबे लाकडी होते. १९७२ मध्ये ते बदलून ७५ माणसांचे मोठे डबे आले.

केपटाऊनला टेबल माउंटन या डोंगरावर आधी दातेरी रुळांची रेल्वे करायचे ठरत होते. पहिले महायुद्ध आले आणि बेत बारगळला. नॉर्वेच्या ट्रिग्वे स्ट्रोम्सो याने नंतर रोपवे सुचवला आणि तो ४ ऑक्टोबर १९२९ ला सुरू झाला, बांधणी ब्लायखर्टच्याच कंपनीची. १९९७ पासून तिथे ६५ जणांचे गोल डबे आहेत आणि आतली जमीन स्वतःभोवती फिरते, त्यामुळे खिडकीवरून भांडण नाही. मात्र वारा वाढला की सेवा बंद. तेवढ्यासाठी लांबून आलेले लोक खालूनच परततात.

भारतात रोपवे समुद्रापेक्षा देवापायी जास्त वाढला: हरिद्वारची मनसादेवी, पावागड, २०२० मध्ये गिरनार. रायगडावरचा १९९६ चा. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर अपघात होऊन जीवितहानी झाली आणि अडकलेल्यांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी काढावे लागले. वैद्यनाथ नेमका कुठला, हा परळी आणि देवघर यांच्यातला वाद जुना. त्यामुळे ती बातमी बीड जिल्ह्यात जरा जास्तच वाचली गेली असेल. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात डोंगरी भागांसाठी ‘पर्वतमाला’ ही रोपवे योजना आली होती.

साडेतीन शक्तिपीठांपैकी वणीला २०१८ मध्ये सोय झाली ती रुळांवरून चढणाऱ्या फ्युनिक्युलर ट्रॉलीची. माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्यांना पर्याय म्हणून लिफ्ट आणि स्कायवॉकचे काम हाती घेतले गेले. दोन्हीकडे अधांतरी लटकणारा डबा नाही.