पार्श्वभूमी : बुडालेलं हल्फा आणि उरलेली दोन

सुदानमधल्या वादी हल्फाचे जुने फोटो पाहताना पहिला घोळ नावाचाच होतो. हल्फा तीन आहेत. 1964 मध्ये इजिप्तमधल्या अस्वानच्या उंच धरणाच्या पाण्यात गेलेलं मूळ गाव. दूर आग्नेयेला, अतबारा नदीच्या पाण्यावर वसवलेलं नवं हल्फा. आणि जलाशयाच्या काठावर पुन्हा उभं राहिलेलं आजचं वादी हल्फा. खजुराच्या रांगा, नीलकाठचा रस्ता, मातीची प्रशस्त घरं आणि भिंतीत बसवलेल्या चिनी मातीच्या बश्या दिसल्या, तर फोटो पाणी चढण्यापूर्वीचा. एकसारख्या घरांच्या आखीव ओळी असतील, तर नव्या हल्फाचा.

गावाची भरभराट रेल्वेमुळे झाली. 1897 मध्ये ब्रिटिश-इजिप्शियन फौजेने इथून अबू हमदच्या दिशेने वाळवंटात रूळ टाकायला घेतले. नदीपलीकडे बुहेन हे फॅरोकालीन प्राचीन ठिकाण होतं.

खरा वाद नोव्हेंबर 1959 च्या नील पाणीवाटप करारानंतरचा. इजिप्तने दीड कोटी पौंड भरपाई द्यायची आणि सुदानने जुलै 1963 पूर्वी माणसं हलवायची, असं ठरलं. माणसं सुमारे 50,000. कुठे जायचं हे लोकांना विचारलं गेलं. त्यांच्या प्रतिनिधींनी जागाही पाहिल्या. बहुतेकांचा कल खार्तूमच्या दक्षिणेकडे, नीलच्या जवळ राहण्याकडे होता. लष्करी सरकारने मात्र खश्म अल-गिरबा, म्हणजे अतबाराकाठची नव्या हल्फाची जागा, जाहीर केलं. ऑक्टोबर 1960 मध्ये हल्फात लोक रस्त्यावर उतरले आणि त्याचं लोण खार्तूमपर्यंत गेलं. निर्णय बदलला नाही. सरकारी बाजू अशी की तिथे सपाट जमीन होती, धरण होत होतं, कापूस पिकणार होता. पण वर्षानुवर्षं पाऊस न पाहिलेल्या, खजुरावर जगणाऱ्या माणसांना पावसाळी चिखलात नेऊन कापूस लावायला सांगणं याला ‘पुनर्वसन’ म्हणणं जड जातं. हल्फावासी ‘तहजीर’ म्हणतात, हिजरतीच्याच धातूतला शब्द. फरक इतकाच की हिजरत माणूस स्वतः करतो, तहजीर त्याच्यावर लादली जाते. पुढे खश्म अल-गिरबाच्या धरणात गाळ साचला आणि पाणीही अपुरं पडू लागलं.

जानेवारी 1964 मध्ये रेल्वेगाड्या सुटू लागल्या. निघण्यापूर्वी लोक कबरींवर जाऊन आले.

याच काळात नूबियात, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधल्या या नीलकाठच्या प्रदेशात, कॅमेरे भरपूर होते, पण बरेचसे दगडांसाठी आलेले. बुहेनचं मंदिर सोडवून खार्तूमला नेलं, फरसच्या चर्चमधली भित्तिचित्रं खार्तूम आणि वॉर्सात वाटली गेली. त्या मोहिमांची नोंद तपशीलवार झाली. घरांचे आणि अंगणांचे फोटो त्या मानाने तुटपुंजे. काही हजार माणसं तर गेलीच नाहीत. पाणी चढेल तसे तंबू-झोपड्या मागे सरकवत ती तिथेच राहिली. तिसरं हल्फा त्यांचं. त्यांच्या त्या वर्षांचे फोटो फारच कमी भेटतात.