क्रेनचं वजन चारही पायांवर सारखंच पडतं?

‘क्रेन आणि मालाचं वजन मिळवा, चारने भागा, तेवढ्याला पुरेल असा पॅड (भार पसरवणारी जाड पाटी) प्रत्येक आउटरिगरखाली, म्हणजे क्रेनच्या बाहेर काढलेल्या पायाखाली टाका.’ हा हिशेब साइटवर वर्षानुवर्षं चालत आलाय. वरवर पटतोही.

पण बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, एका कोपऱ्यावर फिरला की त्या बाजूचा पाय दबतो आणि समोरचा जवळजवळ मोकळा होतो. म्हणून ढोबळ अंदाजासाठी एकूण वजनाचा पाऊण हिस्सा एकाच पायावर धरतात. ३० टनांची क्रेन आणि १० टनांचा माल, म्हणजे ४० टन. चारने भागलं तर १०. प्रत्यक्षात एका पायावर ३० टन येऊ शकतात. जमीन चौरस मीटरला २० टन पेलत असेल, तर पॅड दीड चौरस मीटरचा हवा, अर्ध्याचा नव्हे.

नेमका आकडा क्रेनच्या मॅन्युअलमध्ये बघा, जमिनीची ताकद साइट इंजिनिअरला विचारा. ताजा भराव किंवा झाकलेली गटारं असतील तर जास्तच खोदून विचारा. आणि माल उचलताना पॅडच्या कडा बघा: त्या वर उचलल्या गेल्या, तर पॅड वाकतोय आणि भार फक्त मधल्या भागावर येतोय. लगेच माल खाली घ्या.