टेनर गिटारला कुठल्या तारा लावायच्या?

टेनर गिटार म्हणजे चार तारांची, आखूड मानेची गिटार. साध्या गिटारच्या दोन तारा काढल्या की झाली टेनर गिटार, अशी माझी समजूत होती. एका संध्याकाळी घरच्या गिटारवर चारच तारा ठेवल्या आणि सगळ्यात बारीक तार टेनरसारखी वरच्या ए सुरापर्यंत, म्हणजे ४४० हर्ट्झच्या पांढरी सहापर्यंत चढवायला घेतली. वाटेतला जी सूर मागे पडला. खुंटी आणखी जराशी पिळली आणि ताडकन तार तुटून मनगटावर बसली. बारीक होती म्हणून तुटली असेल असं धरून मी दुसऱ्या दिवशी जाड तार आणली. आधीची ०.०१० इंचाची होती, ही ०.०१२ इंचाची. तीही तुटली, आणि जवळजवळ त्याच सुरावर.

तारेचा सूर तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि दर सेंटिमीटरमागे तिचं वजन या तिघांवर ठरतो. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्ये हा नियम मांडला. ०.०१० ऐवजी ०.०१२ ची तार लावली की वजन ४४ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे तोच सूर काढायला ताणही ४४ टक्के जास्त द्यावा लागतो. पण तारेचा छेदही नेमका तेवढाच वाढलेला असतो. म्हणजे पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार जिथल्या तिथे राहतो. तार तुटणार की टिकणार हे धातू, लांबी आणि सूर ठरवतात. जाडीचा त्यात फारसा संबंध नाही.

आकडे घालून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. साध्या गिटारची तार नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) सुमारे ६४.८ सेंटिमीटर असते. तेवढ्या लांबीवर पोलादी तार ए ला नेली तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २६० किलोचा भार पडतो आणि चांगल्या पोलादाची ताकदही जवळपास तिथेच संपते. खुंटीपाशी तार वाकलेली असते, म्हणून ती थोडी आधीच हार मानते. टेनर गिटारची तार ५३ ते ५८ सेंटिमीटरच असते. ५८ वर हाच भार २१० किलोपर्यंत उतरतो. टेनरची मान आखूड का, याचं उत्तर मला हे गणित करताना मिळालं.

हे वाद्य १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आलं. जॅझ बँडमधल्या टेनर बँजोवाल्यांना गिटारचा आवाज हवा होता, पण बोटांची सवय मोडायची नव्हती. मार्टिन आणि गिब्सन यांनी त्यांच्यासाठी चार तारांची गिटार काढली आणि बँजोचंच लावणं ठेवलं: सी, जी, डी, ए.

हे लावणं आपल्याकडच्या गाणाऱ्या माणसाला चटकन पटेल. प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम आहे. पांढरी एकला सा धरा. सी च्या तारेवर मोकळी तार, मग दुसरा, चौथा आणि पाचवा फ्रेट (मानेवरचा आडवा पडदा) दाबला की सा रे ग म. शेजारच्या जी च्या तारेवर अगदी त्याच जागांवर प ध नी सां. बोटांची ठेवण एकच आणि सप्तक पूर्ण! साध्या गिटारवर एवढी सरळ वाट नाही. लावतानाही सोपं पडतं: कुठल्याही तारेचा सातवा फ्रेट पुढच्या मोकळ्या तारेशी जुळला पाहिजे.

म्हणून तारा घेण्याआधी लावणं ठरवा. सी-जी-डी-ए साठी बारीक तारेपासून जाड तारेकडे ०.०१०, ०.०१४, ०.०२३ आणि ०.०३२ च्या आसपासच्या तारा लागतात. टेनरचा वेगळा सेट आपल्याकडच्या दुकानात सहसा नसतो, पण साध्या अकूस्टिक गिटारचा एक्स्ट्रा लाइट सेट आणला तर त्याच्या वरच्या सुराच्या, म्हणजे बारीक चार तारा या कामाला चालतात. चौथी बहुधा ०.०३० ची निघते आणि किंचित सैल वाटते. तेवढी एक सुटी घ्यावी.

दुसरं लावणं डी-जी-बी-ई, म्हणजे साध्या गिटारच्याच वरच्या चार तारा. त्याला शिकागो लावणं म्हणतात. गिटार येत असेल तर पहिल्याच दिवशी वाजवता येतं. पण तारा त्याच ठेवून सूर बदलू नका. ०.०१० ची तार ए ला सुमारे साडेदहा किलोने ताणलेली असते. तीच ई वर उतरवली की जेमतेम सहा किलो ताण उरतो, ती लुळी पडते आणि फ्रेटवर खडखडते. तिथे ०.०१३ लावा, ताण पुन्हा दहा किलोवर येतो. जाडीचं काम इथे आहे: हाताला लागणारा कडकपणा, आवाजाचा जोर आणि मानेवरचा बोजा. जुनी टेनर हाती आली असेल तर हलक्याच तारांनी सुरुवात करा.

मँडोलिनवाल्यांना जी-डी-ए-ई आवडेल. ते मँडोलिनच्या एक सप्तक खाली असतं. त्यात खालची तार ०.०४५ च्या घरात जाते आणि नटच्या खाचेत बसत नाही. खाच कानशीने रुंद करावी लागते, आणि एकदा केली की पूर्ववत होत नाही. हे काम कारागिराकडेच द्यावं असं माझं मत आहे.

खालच्या तारांवर ब्राँझची गुंडाळी का असते? नुसतं पोलाद जाड करत गेलं तर तार सळईसारखी ताठ होते आणि तिचे वरचे स्वर चढे लागतात. गुंडाळीमुळे वजन वाढतं, पण लवचीकपणा राहतो. तंबोऱ्यात खर्जाला पितळेची तार घालतात, तीही थोडीफार याच विचाराने: पितळ पोलादापेक्षा जड आणि कमजोर, म्हणून त्याला खालचा सूर मानवतो. इलेक्ट्रिक टेनर असेल तर मात्र पोलादी, निकेलच्या तारा घ्या. पिकअपचं, म्हणजे तारेचा आवाज टिपणाऱ्या भागाचं चुंबक ब्राँझला दाद देत नाही.

विकत घेण्याआधी हे वाद्य घरच्या गिटारवर चाखूनही पाहता येतं. दोन तारा तोडल्यावर मी तेच केलं. एक्स्ट्रा लाइट सेटच्या वरच्या चार तारा चढवल्या, पण सी-जी-डी-ए ला न लावता एक स्वर खाली: बी फ्लॅट, एफ, सी, जी. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला. आता तारेची वाजणारी लांबी साधारण ५७.७ सेंटिमीटर झाली, म्हणजे टेनरचीच, आणि सूर झाले सी, जी, डी, ए. कॅपोपासून मोजायचं: खालच्या सुराच्या दोन तारा (सी आणि जी) मोकळ्या, डी वर दुसरा फ्रेट, ए वर तिसरा. हा सी मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर. दोन टोकाच्या तारांवर दुसरा फ्रेट दाबून मधल्या दोन मोकळ्या सोडल्या की जी. आणि मधल्या दोन तारांवर दुसरा नि तिसरा दाबून टोकाच्या सोडल्या की एफ. तेवढ्या तीन कॉर्डवर मी ती सगळी रात्र वाजवत बसलो.