हूगार्डन

बेल्जियमच्या फ्लेमिश ब्राबांट प्रांतातील, टीनेन या साखर कारखान्याच्या शहराला लागून असलेले गाव. गव्हाच्या पांढऱ्या बिअरचे माहेरघर म्हणून ते ओळखले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे गाव लिएजच्या बिशपच्या राज्यात मोडत असे, तर भोवतालचा मुलूख ब्राबांटचा होता. त्यामुळे ब्राबांटचे कर इथल्या मद्यकारांना लागत नसत आणि गावाच्या मानाने ब्रुअऱ्या (बिअर बनवण्याच्या भट्ट्या) पुष्कळ झाल्या. पुढे कारखान्यांतून येणाऱ्या फिक्या लागर (थंडाव्यात आंबवलेल्या) बिअरपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. टॉमसिन ही शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली.

हूगार्डन बिअरच्या जाहिरातींतून १४४५ पासूनच्या परंपरेचा डंका पिटला जात असला, तरी आजची बिअर मुख्यतः पियेर सेलिस (१९२५–२०११) यांच्या आठवणीवर उभी आहे. दुधाचा व्यवसाय करणाऱ्या सेलिस यांनी तरुणपणी शेजारच्या टॉमसिन ब्रुअरीत हाताखाली काम केले होते, आणि त्या अनुभवाच्या बळावर त्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास ही बिअर पुन्हा बनवायला सुरुवात केली. मोड न आणलेला गहू, मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्स (कडवटपणा आणणारी एका वेलीची फुले), सुकवलेली संत्र्याची साल आणि आपल्या स्वयंपाकघरातले धणे ही तिची सामग्री. ती गाळून नितळ केली जात नाही. गव्हातील प्रथिने व तरंगते यीस्ट यांमुळे तिला दुधी गढूळपणा येतो. म्हणूनच बाटलीतली बरीचशी बिअर जड षट्कोनी ग्लासात ओतल्यावर उरलेली गोल ढवळून, तळाच्या गाळासकट वरून घालतात.

१९८५ मध्ये सेलिस यांच्या ब्रुअरीला लागलेल्या आगीनंतर तिच्यात मोठ्या उद्योगाचे भांडवल आले, आणि सेलिस पुढे अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन येथे जाऊन तीच बिअर करू लागले. मालक कंपनीने २००५ मध्ये उत्पादन लिएजजवळच्या झ्युपिय येथे हलवण्याचे जाहीर केले तेव्हा गावाने कडाडून विरोध केला. २००७ मध्ये निर्णय फिरला व उत्पादन हूगार्डनलाच राहिले.

प्रवाशांसाठी टीनेन हे जवळचे रेल्वे स्थानक. गावात ब्रुअरीखेरीज सेंट गोर्गोनियसचे अठराव्या शतकातील रोकोको या नाजूक, नक्षीदार शैलीचे चर्च पाहण्याजोगे आहे. गावाचा आकार पाहता त्याची भव्यता चकित करणारी आहे.