पावसाळ्यासाठी नाव बंद करून ठेवताना : बोटमालकांसाठी माहितीपत्रक

गौरी-गणपती आटोपले की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कार्यशाळेत आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून बसवायच्या, इंजिनांची रांग लागते. बहुतेक ग्राहकांची तक्रार एकच असते : मे महिन्यात इंजिन व्यवस्थित चालत होते, आता कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही, आणि सुरू झालेच तर चोक (गार इंजिन सुरू करताना ओढायची कळ) आत ढकलताच बंद पडते. अशा इंजिनांपैकी बहुतेकांत काहीही मोडलेले नसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आत पेट्रोल तसेच राहिलेले असते, एवढेच. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर ग्राहकाचे दिवस वाया जातात आणि ज्यांचे काम खरोखर मोठे आहे अशांच्या इंजिनांना आमच्याकडे थांबावे लागते. पावसाळ्यापूर्वीची बांधणी, म्हणजे नाव व इंजिन बंद ठेवण्याची तयारी, ग्राहकाला घरी, स्वतःच्या हाताने करता येते. ती नीट व्हावी यासाठी हे पत्रक काढले आहे. नाव चालवण्याचा सराव आणि पाना-पक्कड हाताळण्याची सवय वाचकाला आहे, असे आम्ही गृहीत धरले आहे.

गुलाबी द्रवाविषयी

परदेशी चित्रफिती पाहून अनेक जण आमच्याकडे इंजिनात ओतायचा गुलाबी द्रव, म्हणजे अँटीफ्रीझ, मागतात. थंड देशांत नावा हिवाळ्यात बंद ठेवतात. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे इंजिनात अडकलेल्या पाण्याचा बर्फ होऊन धातूचा ब्लॉक तडकू शकतो, आणि ते टाळण्यासाठी हा द्रव घालतात. कोल्हापुरात, किंबहुना गगनबावड्यातही, ही भीती नाही. आपल्याकडे नाव बंद राहते ती पावसाळ्यात आणि तिचा शत्रू हवेतील दमटपणा असतो. म्हणून हा द्रव आम्ही विक्रीस ठेवत नाही आणि कोणी तो अन्यत्र विकत घेऊ नये, असेच सांगतो. त्या चित्रफितींतील गिअर ऑइल, फॉगिंग (सिलिंडरमध्ये संरक्षक ऑइलचा फवारा मारणे) आणि बॅटरीविषयीची माहिती मात्र आपल्यालाही लागू पडते.

पेट्रोल : सर्वांत महाग पडणारी चूक

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही, कारण रोज चालणाऱ्या मोटारीत ते पेट्रोल साठून राहत नाही आणि त्याचा हा दोष तेथे सहसा दिसत नाही. नावेचे इंजिन मात्र तीन-चार महिने बंद राहते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि अर्धवट भरलेली टाकी पावसाळ्यात दिवसाच्या उष्म्याने व रात्रीच्या गारव्याने जणू श्वास घेत राहते, म्हणजे बाहेरची दमट हवा पुन्हा पुन्हा आत येते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतून इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या थराचा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते अशा टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत हे अधिक घातक आहे, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि खालच्या थरावर इंजिन क्षणभर जरी चालले तरी पिस्टनला वंगण मिळत नाही.

दुसरा परिणाम कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, होतो. त्यात पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या वाटीतील थोडेसे पेट्रोल उडून जाते आणि मागे काकवीसारखा चिकट थर उरतो. मंद गतीच्या जेटचे (इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीचे) छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने ते या थराने सहज बुजते. चोक आत ढकलताच इंजिन बंद पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. ग्राहकांनी अशा वेळी जेटमध्ये तार घालू नये, ही आमची विशेष विनंती आहे. जेट पितळेचा असतो, तारेने छिद्र किंचित मोठे झाले की इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते आणि मग जेट बदलण्याखेरीज इलाज राहत नाही.

यावर ग्राहक करतात तो उपाय अर्धाच असतो. पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे आणि कार्बोरेटर रिकामा झाला असे समजायचे, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात वाटीतील पेट्रोलची पातळी जेटच्या खाली गेली की इंजिन बंद पडते, आणि त्याखालचे पेट्रोल वाटीतच राहते. तेवढे थोडे पेट्रोल चार महिन्यांत जेट बुजवायला पुरेसे असते. म्हणून इंजिन थांबल्यावर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल कापडावर किंवा लहान डब्यात उतरवावे आणि स्क्रू पुन्हा घट्ट करावा. अनेक कार्बोरेटरचे इंजिन असेल तर प्रत्येक वाटीचा स्क्रू स्वतंत्रपणे उघडावा लागतो. हे काम उघड्यावर, इंजिन गार झाल्यावर आणि जवळपास विडी-काडी पेटत नसताना करावे. या एका स्क्रूकडे लक्ष दिले तर सप्टेंबरमधील आमचे निम्मे काम कमी होईल, आणि ते कमी व्हावे अशीच आमची इच्छा आहे.

सुटी, हातात उचलून नेण्याची टाकी असेल तर ती पूर्ण रिकामी करून, कोरडी करून, झाकणावरील हवेचा स्क्रू बंद करून ठेवावी. निघालेले शुद्ध पेट्रोल ताजे असेल तर मोटारसायकलमध्ये वापरता येते. ऑइल मिसळलेले पेट्रोल मात्र चारचाकीत किंवा आजच्या दुचाकीत घालू नये, ते त्याच प्रमाणाचे मिश्रण लागणाऱ्या टू-स्ट्रोक फवारणी पंपात संपवावे. नावेतच बसवलेली मोठी टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर उलट ती जवळजवळ काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही, आणि त्यात इंधन टिकवणारे स्टॅबिलायझर सांगितलेल्या मात्रेत घालून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोहोचते. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलचे आयुष्य वाढवते, खराब झालेले पेट्रोल सुधारत नाही. सप्टेंबरमध्ये ते घालून काहीही साधत नाही. इंधन इंजेक्शनचे इंजिन मात्र नळी काढून कोरडे होईपर्यंत चालवू नये, कारण त्यातील पंपाला इंधनच थंडावा आणि वंगण देत असते.

पाण्याशिवाय इंजिन चालवू नये

वरील सर्व कामांत इंजिन काही मिनिटे चालवावे लागते. ते किनाऱ्यावर कोरडे चालवले तर खालच्या भागातील वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) थोड्याच वेळात जळतो. यासाठी मोठे पिंप घेऊन पाणी शोषणाऱ्या जाळ्या बुडतील इतके स्वच्छ पाणी त्यात भरावे, इंजिन न्यूट्रलमध्ये मंद गतीवर चालवावे आणि इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार नीट येते ना हे पाहावे. मालवण-तारकर्लीकडून घाट चढून आमच्याकडे येणाऱ्या इंजिनांना याच पद्धतीने दहा-पंधरा मिनिटे गोडे पाणी द्यावे, कारण आतील वाहिन्यांत बसलेले मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि गंज थांबत नाही. पंचगंगेवर चालणाऱ्या नावांच्या जाळ्यांत केंदाळाचे तंतू अडकलेले असतात, तेही याच वेळी काढून टाकावेत.

त्यानंतर इंजिन उभेच ठेवावे, म्हणजे उरलेले पाणी आपोआप उतरते. आडवे ठेवण्याची वेळ आलीच तर ज्या बाजूवर ठेवण्यास निर्मात्याने सांगितले आहे त्याच बाजूवर ठेवावे, कारण फोर-स्ट्रोक इंजिन चुकीच्या बाजूवर पडले की ऑइल सिलिंडरमध्ये जाते.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल मारावे. ते नसेल तर टू-स्ट्रोक ऑइलचा एक लहान चमचा पुरतो. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली आहे याची खात्री करून स्टार्टरची दोरी चार-पाच वेळा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. नंतर अधूनमधून येऊन इंजिन दोन मिनिटे चालू करून पाहण्याची सवय अनेकांना आहे. तिने लाभ होत नाही, कारण एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही, आत दव साठते आणि रिकामा केलेला कार्बोरेटर पुन्हा भरतो.

गिअर ऑइल आताच, सप्टेंबरमध्ये नव्हे

गिअर ऑइल पावसाळ्यानंतर बदलू, नवे ऑइल उगाच चार महिने का पडून ठेवायचे, असा हिशोब ग्राहक मांडतात. तो चुकीचा आहे. सीलमधून पाणी शिरले असेल तर ते पाणी चार महिने बेअरिंग आणि दात्यांवर बसून राहते, आणि दाते गंजले तर खर्च ऑइलच्या डब्याच्या किमतीच्या अनेक पटींनी वाढतो. गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू आधी उघडून, मग वरचा उघडून ऑइल उतरवावे. ते पांढरट आले तर पाणी शिरले आहे असे समजावे. पंख्याच्या मागे शाफ्टला गळाची दोरी गुंडाळली गेली की ती सील कापते, आणि मासेमारी चालणाऱ्या तलावांवर असे वारंवार घडते, म्हणून पंखा काढून एकदा पाहावेच. नवे ऑइल खालच्या छिद्रातून वर चढवत न्यावे, वरून ओघळू लागले की आधी वरचा स्क्रू बसवावा, मग खालचा. स्क्रूचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. वॉशर काही रुपयांना मिळतो, तरी जुन्याच वॉशरमुळे पाणी शिरलेली इंजिने आमच्याकडे दर वर्षी येतात.

नाव कोठे आणि कशी ठेवावी

१ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला म्हणजे १ लिटर पाणी झाले. सात चौरस मीटर उघड्या नावेत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०० लिटर, म्हणजे सात क्विंटल पाणी साठते, आणि राधानगरी-गगनबावड्याकडे असा दिवस विरळा नसतो. त्या भाराने ट्रेलरचा आस वाकतो आणि फायबरचा तळ आधारांच्या मध्ये खचतो. म्हणून तळाचा बूच काढून तो स्टिअरिंगला बांधून ठेवावा, म्हणजे हंगामात तो विसरून नाव पाण्यात ढकलली जाणार नाही, आणि नाकाची बाजू उंच ठेवावी. ताडपत्री मधोमध बांबू घालून उतरती ओढावी, पण दोन्ही टोके हवेसाठी मोकळी सोडावीत. ग्राहक नाव प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून देतात आणि सप्टेंबरमध्ये गाद्या, लाइफ जॅकेट आणि वायरींना बुरशी लागलेली सापडते. लाइफ जॅकेट धुऊन, सावलीत सुकवून घरात टांगावीत. बॅटरी नावेतून काढून पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा मोजावी. १२.४ व्होल्टच्या खाली गेली तर पुन्हा चार्ज करावी, नाहीतर प्लेटांवर सल्फेट जमून ती निकामी होते.

जागा निवडताना पंचगंगेचा विचार अवश्य करावा. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्या दोन्ही वर्षी जिथवर पाणी आले होते, त्याहून उंच जागेवरच नाव ठेवावी. बूच काढलेली नाव तरंगत नाही, पाणी भरून जागीच बुडते.

पुरासाठी नाव सज्ज ठेवणाऱ्यांसाठी

काही ग्राहकांची नाव पावसाळ्यातच गावाच्या कामी येते. त्यांनी वरील बांधणी करू नये. त्यांनी टाकी काठोकाठ ठेवावी, दर दोन-तीन आठवड्यांनी ते पेट्रोल वापरून ताजे भरावे, पिंपात इंजिन पंधरा मिनिटे पुरते तापेपर्यंत चालवावे, बूच जागेवर आणि जॅकेट नावेतच ठेवावीत. अशा इंजिनांची जूनमधील तपासणी आम्ही इतर कामांच्या आधी घेतो.

आमच्या कामाविषयी

सप्टेंबरमध्ये बंद इंजिन आले तर आम्ही कार्बोरेटर उघडल्याशिवाय ते सुरू करून देत नाही, याबद्दल काहींची नाराजी असते. बाहेरून फवारा मारून इंजिन चालू करता येते, पण मंद गतीचा जेट अर्धवट बुजलेला राहतो, इंजिन पाण्याच्या मध्यावर बंद पडते आणि नावेत त्या वेळी माणसे असतात. म्हणून कार्बोरेटर पूर्ण सोडवून, धुऊन, नवे गॅस्केट घालूनच आम्ही इंजिन परत देतो आणि त्या कामाचेच पैसे घेतो. जुने गॅस्केट पुन्हा बसवून खर्च वाचवण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही.

घरी बांधणी करणाऱ्यांसाठी गिअर ऑइल, वॉशर, फॉगिंग ऑइल, स्टॅबिलायझर आणि इम्पेलर आमच्याकडे इंजिनाच्या मॉडेलप्रमाणे मिळतात. ड्रेन स्क्रू कोठे आहे हे न सापडल्यास इंजिनाचे छायाचित्र घेऊन यावे, आम्ही दाखवून देतो, त्याचे पैसे घेत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी संपूर्ण बांधणी आम्ही करून देतो, मात्र इंजिन मृगाच्या आधी आणावे, कारण पाऊस सुरू झाल्यावर आतला ओलावा काढण्यातच जास्त वेळ जातो. येताना टाकी रिकामी असावी, पेट्रोलसह आलेली टाकी आम्ही सुरक्षिततेच्या कारणास्तव ठेवून घेत नाही. किल स्विचची दोरी आणि किल्ली सोबत द्यावी, आणि इंजिन याआधी केव्हा उघडले होते हे कागदावर लिहून आणावे.