दूरचित्रवाणीवरील हिंसा आणि मुले

दूरचित्रवाणीवरील मारामाऱ्या, खून, युद्धाची व अपघातांची दृश्ये पाहून मुलांच्या वागण्यावर, भावनांवर आणि जगाविषयीच्या समजुतींवर होणारा परिणाम हा मानसशास्त्रात व संज्ञापनाच्या अभ्यासात १९५० च्या दशकापासून वादाचा विषय आहे. हे परिणाम ढोबळमानाने तीन प्रकारचे मानतात : अनुकरणातून येणारी आक्रमकता, दुसऱ्याच्या वेदनेविषयी येणारा बोथटपणा आणि भीती. संशोधकांनी सर्वाधिक लक्ष पहिल्याकडे दिले. घरोघरी मात्र तिसराच आधी जाणवतो. मूल रात्री दचकून उठते, अंधाऱ्या खोलीत एकटे जायला नकार देते.

अनुकरणाचा प्रसिद्ध प्रयोग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला. १९६१ मध्ये तीन ते सहा वर्षे वयाच्या ७२ मुलांपैकी काहींसमोर एका प्रौढ व्यक्तीने ‘बोबो’ या हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवले. नंतर त्या मुलांनीही तसेच फटके मारले आणि तोंडाने तेच शब्द उच्चारले. १९६३ मध्ये हाच प्रकार चित्रफितीवर दाखवला. एका गटाला तर मांजराच्या वेशातली व्यक्ती दाखवली. निष्कर्ष बदलला नाही. १९६५ चा प्रयोग याहून मोलाचा आहे. त्यात चित्रफितीच्या शेवटी मारणाऱ्याला शाबासकी मिळे किंवा बोलणी बसत. बोलणी बसल्याचे पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण पाहिले ते करून दाखवल्यास बक्षीस मिळेल म्हटल्यावर त्यांनीही ते सहज करून दाखवले. म्हणजे शिकली सगळीच होती, काहींनी ते आवरले होते. बाहुली मार खाण्यासाठीच बनवलेली असते, तिला मारणे म्हणजे सोबत्याला मारणे नव्हे, हा टीकाकारांचा आक्षेप रास्तच आहे.

दीर्घकालीन परिणामांसाठी लेनर्ड एरॉन आणि रोवेल ह्यूसमन यांचा अभ्यास पाहावा लागतो. १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया परगण्यातल्या तिसरीच्या ८५६ मुलांची पाहणी झाली. ती मुळात संगोपन आणि आक्रमकता यांविषयी होती. दहा वर्षांनी असे दिसले, की आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे एकोणिसाव्या वर्षी अधिक आक्रमक होते. उलट, लहानपणच्या आक्रमकतेवरून पुढे कोणते कार्यक्रम आवडतील, हे सांगता येत नव्हते. मुलींमध्ये तेव्हा असा संबंध आढळला नाही.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात डोंगरांमुळे प्रक्षेपण न पोचणाऱ्या एका गावाचा अभ्यास टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांनी केला. गावाला त्यांनी ‘नोटेल’ असे टोपणनाव दिले. १९७३ मध्ये तेथे दूरचित्रवाणी येण्याच्या बेतात होती. ती आल्यावर दोन वर्षांनी मुलांची मारामारी आणि शिवीगाळ दोन्ही वाढली होती. दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर मात्र १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली, तरी टोनी चार्लटन यांच्या चमूला मुलांच्या वागण्यात तशी वाढ दिसली नाही. तेथे सगळे एकमेकांना ओळखतात. खोडी केलेल्या मुलाची बातमी त्याच्याआधी घरी पोचते. इस्राएलमध्येही शहरी मुलांत आढळलेला संबंध किबुत्झमधील, म्हणजे सामूहिक शेतीवस्त्यांतील, मुलांत आढळला नाही. या तीन अभ्यासांमुळे पडद्याइतकेच पडद्यासमोरचे घर आणि गावही मोजावे लागते.

हिंसा कशी दाखवली जाते, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत १९९४ ते १९९७ या काळातील मोठ्या पाहणीत सुमारे ६० टक्के कार्यक्रमांत हिंसा आढळली, आणि बहुतांश हिंसक दृश्यांत मारणाऱ्याला त्या दृश्यात तरी शिक्षा होत नव्हती. संज्ञापनाचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांचा रोख वेगळा होता : सतत हिंसा पाहणारा स्वतः मारकुटा होतो असे नव्हे, तर त्याला जगच आहे त्याहून धोक्याचे वाटू लागते.

या विषयात राजकारणही पुरेपूर झाले. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी अधिकारी) नेमलेल्या समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. सदस्यांच्या यादीवर वाहिन्यांना नकाराधिकार होता आणि त्यांनी तो वापरून खुद्द बांडुरांनाच वगळले! जोनाथन फ्रीडमन यांच्यासारखे अभ्यासक अजूनही कार्यकारणभाव मान्य करीत नाहीत. मानणाऱ्यांच्या मतेही परिणाम मध्यम किंवा लहान असतो. गरिबी, घरातली मारहाण, संगत या गोष्टींच्या बरोबरीने तो काम करतो.

भारतात ‘शक्तिमान’ (दूरदर्शन, १९९७ पासून) मालिकेच्या काळात मुलांनी जिवावर बेतेल अशी नक्कल केल्याच्या बातम्या आल्या. त्यांत खरे किती, ऐकीव किती हा वाद राहिला. पण नायकाची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांना मुलांना तसे न करण्याचे आवाहन करावे लागले. १४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकात्यात धनंजय चॅटर्जीला फाशी झाली. वृत्तवाहिन्यांनी दोर आणि फाशीची पद्धत यांचे रसभरीत वर्णन केले, आणि खेळताना फाशीची नक्कल करून मुले दगावल्याच्या बातम्या पाठोपाठ आल्या. तरीही चर्चेचा भर मालिका व कार्टूनवरच राहतो. बातम्या त्यातून सुटतात.

केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांनुसार मुले मोठ्या संख्येने पाहत असतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवण्यास मनाई आहे. आंतरजालावरील मालिका-चित्रपटांसाठी २०२१ च्या नियमांनी ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट ठरवले आणि १३ वर्षे व त्यावरील गटांच्या आशयाला पालकांसाठी कुलूप बंधनकारक केले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने दूरचित्रवाणी संचात बसवलेल्या, नको ते कार्यक्रम अडवणाऱ्या ‘व्ही-चिप’चा हेतूही हाच होता, ती चालू करणारे पालक थोडेच निघाले.