बेट होता आलं पाहिजे

मे महिन्यातली दुपार, नागपूरचं ऊन, आणि दीड वाजता लाइन गेली. कूलरचा पंखा गरगरत थांबला, वाळ्याच्या ताट्यांवरून ओघळणारं पाणी थेंबाथेंबावर आलं. शेजारच्या काकू आमच्या गच्चीकडे बोट दाखवत म्हणाल्या, “एवढं ऊन तापून राह्यलं, वर पॅनेल लावले, मंग तुमचा पंखा काहून बंद?”

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याच्या उत्तरात फार मोठी गोष्ट दडली आहे. पॅनेलमधून येते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. इन्व्हर्टर ती एसी, म्हणजे घरातल्यासारखी सतत दिशा बदलणारी करतो. पण आपल्याकडच्या विजेचा सेकंदाला ५० आवर्तनांचा जो ताल आहे, तो लाइनला जोडलेला घरगुती सौर इन्व्हर्टर स्वतः धरत नाही. भजनातला टाळकरी पखवाजाकडे कान ठेवून वाजवतो, तसा तो बाहेरच्या लाइनशी जुळवून घेतो. लाइन गेली की पखवाज थांबला. शिवाय त्याने थांबावं असा नियमच आहे. बाहेर वायरमन खांबावर चढलेला असताना आपल्या छतावरची वीज तारेत उतरली, तर त्याच्या जिवावर बेतेल. चोहीकडे वीज गेलेली असताना एखाद्या भागाने एकट्याने चालू राहण्याला अभियंते ‘आयलंडिंग’ म्हणतात. म्हणजे बेट होणं.

शहरात नकळत झालेलं बेट धोक्याचं. पण जी गावं पाण्याने, जंगलाने खरोखरच तोडली जातात, त्यांना ठरवून, सुरक्षितपणे बेट होता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गडचिरोलीतलं भामरागड घ्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं ठिकाणच जगापासून तुटतं. जंगलातून गेलेल्या तारेवर झाड पडलं, तर दुरुस्तीची गाडी नदीच्या अलीकडे थांबते. आपल्या विदर्भातल्या कोळशाची वीज १९९९ पासून चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर जाते, पण शेवटच्या दहा किलोमीटरचं जंगल तिला जड जातं. तिकडे कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब चौपट होतो. घारापुरी बेटाला समुद्राखालून केबल पोहोचली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटर हाच आधार होता. एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन-साडेतीन युनिटं निघतात. लिटर नव्वद रुपयांचं धरलं, तर नुसतं इंधनच युनिटला २५ ते ३० रुपयांचं झालं. होडीचं भाडं वेगळं.

मग पॅनेल, बॅटरी आणि स्वतः ताल धरणारा इन्व्हर्टर बसवला की झालं? इथेच घाई होते. आधी गावाने बसून यादी करायला हवी.

चाळीस घरांचं गाव समजू. नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे पाच तास, कमी वीज खाणारा तीस वॉटचा बीएलडीसी पंखा दहा तास, थोडं मोबाईल चार्जिंग: घरामागे रोज अर्धं युनिट, म्हणजे गावाला वीस. पाच एचपीची पिठाची चक्की तीन तास चालली की आणखी अकरा. आता चक्की रात्री चालवली तर बॅटरीत ३१ युनिटं साठवावी लागतील. भर दुपारी चालवली तर वीसच. दळण डब्यात टिकतं, पंपाने चढवलेलं पाणी टाकीत टिकतं, आणि ही साठवण बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. त्यांच्यासाठी तर दिवसाच्या उन्हावर बर्फ करून रात्रभर थंडावा धरणारे, बॅटरी न लागणारे फ्रिज मिळतात.

नागपुरात पॅनेलच्या एका किलोवॅटमागे सरासरी चार युनिटं रोज मिळतात. पण हिशेब सरासरीचा करू नये, श्रावणातल्या झडीचा करावा. लाइन तुटते ती पावसाळ्यात आणि ऊन नसतं तेही पावसाळ्यातच. म्हणून यादीला क्रम हवा: सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही तर आधी काय बंद आणि शेवटपर्यंत काय चालू? माझ्या मते दवाखाना आणि फोनचं नेटवर्क सगळ्यात शेवटी बंद व्हावं. पण हे मी नागपुरात बसून ठरवायचं नाही. ज्या बाईला रात्री पंप बंद पडल्यावर नदीवर जावं लागतं, तिने ठरवायचं.

स्कॉटलंडच्या एग नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या जेमतेम शंभर माणसांनी असंच ठरवलं. २००८ पासून तिथे पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर गावाची स्वतःची वीज आहे, आणि कुठल्याही घराने एका वेळी पाच किलोवॅटहून जास्त ओढायची नाही. ओढली की त्या घराचा पुरवठा तुटतो. देखभालही बेटावरचीच माणसं करतात.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार वेळा राहून जाते. पारशिवनीकडच्या एका गावात मी सौरदिव्याचा खांब पाहिला. वरचं पॅनेल धडधाकट, आणि बॅटरीच्या उघड्या पेटीत गांधीलमाशांचं पोळं. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, साधी लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच, आणि आपल्या उन्हात तीही नाही: तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून इथे तिला सावलीची, हवेशीर खोली लागते. कोकणात खाऱ्या हवेला टिकणारे, जस्ताचा जाड मुलामा दिलेले सांगाडे लागतात.

वरच्या चाळीस घरांना १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या साधारण वीस लेड-ॲसिड बॅटऱ्या लागतील. एक पंधरा हजारांची धरली तर तीन लाख रुपये, पाच वर्षांत पुन्हा उभे करायचे. म्हणजे घरामागे महिन्याला सव्वाशे. ही रक्कम गावाला झेपते का, कोण गोळा करणार, कोणाच्या खात्यात ठेवणार आणि पाना-पकड कोणाच्या हातात असणार, हे पॅनेलचा ट्रक गावात यायच्या आधीच्या ग्रामसभेत ठरलेलं असावं.